सोमवारची चादर

सोमवारच ठरला. ठरला म्हणजे कुणी ठरवला नाही. हेलिवेलांच्या घरात कुठलंही कार्य दुसऱ्या वारी कधी झालंच नव्हतं. टेकडीवरचे विणकर सोमवारी मागावर बसत नसत. चर्चच्या पंचांगात नसलेला एक संत त्यांनी आपल्यापुरता मानला होता. त्याचं नाव संत सोमवार, आणि बाकीच्या सगळ्या संतांपेक्षा त्याची भक्ती ते जास्त मनापासून करत. लग्नाची जेवणं, बारशी, मयतीनंतरचं खाणंपिणं, सगळं सोमवारी. आठवड्याचं काम मंगळवारी रमतगमत सुरू व्हायचं आणि शुक्रवारी रात्रभर जागून संपायचं. यात काही चूक आहे असं कुणाला वाटत नसे.

फक्त खाली ओढ्याकाठी गिरणी उभी राहिल्यापासून एक अडचण झाली होती. गिरणीला संत ठाऊक नव्हते. सकाळची घंटा झाली की फाटक बंद होई, ते संध्याकाळी ऊन डोंगराच्या कडेला टेकल्यावर उघडे. मधे जो बाहेर पडला तो कायमचा बाहेर. आणि तबिथाचा धाकटा मुलगा जेबेझ त्या फाटकाच्या आत होता. यंत्रमागांची देखभाल करणारा जॉबर.

लेकीच्या, फीबीच्या लग्नाच्या तीन जाहीर हाकांतली पहिली चर्चमध्ये वाचली गेली त्याच दिवशी तबिथाने नवऱ्यापाशी लग्नाआधीच्या घरच्या कार्याचा विषय काढला होता.

"गिरणी रविवारी बंद असते," ती म्हणाली.

"रविवार देवाचा," एबल म्हणाला.

"आणि सोमवार?"

"सोमवार आपला."

एबल हेलिवेलशी संसार करताना तबिथाला एक गोष्ट केव्हाच कळली होती. तो भांडत नसे. तो फक्त वाक्य संपवत असे.

दोन वर्षांपूर्वी जेबेझने गिरणीत नाव घातलं, तेव्हाही त्याने एकच वाक्य संपवलं होतं: "त्या फाटकातून आत गेलेला माणूस माझ्याबरोबर या मेजाला बसणार नाही." तेव्हापासून रविवारी दुपारी जेबेझ वर येई, मागच्या दाराच्या पायरीवर बसून आईच्या हातचं जेवे आणि परत जाई. त्या वेळात एबल आतल्या खुर्चीत बायबल उघडून बसे. तबिथाच्या लक्षात आलं होतं की दर रविवारी ते एकाच पानावर उघडलेलं असतं.

पायरीवरचं जेवण एक वेळ चाललं असतं. पण चादरीचं काय?

हेलिवेलांच्या घरातून मुलगी उजवली जायची तेव्हा बाप तिच्यासाठी पांढरी सुती चादर विणी. शेवटी, कापड मागावरून कापायच्या आधी, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात निळ्या सुताची कांडी भरत, आणि घरातलं प्रत्येक माणूस एकेकदा मागावर बसून एकच धागा टाकी. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, ओळीने. बाप सगळ्यांत शेवटी. मग दिवसाउजेडी, मेणबत्ती न लावता, कापड कापायचं. चादरीच्या टोकाला निळ्या रेघांचा पट्टा राही, आणि कुठली रेघ कुणाची हे बायकांना पाठ असे. सुना आल्या की त्यांच्यासाठीही तशीच चादर होई. तबिथाच्या स्वतःच्या चादरीवर सासूची रेघ अशी वाकडी होती, की सुनेबद्दलचं तिचं मत त्यात कुणालाही वाचता आलं असतं. पण रेघ होती. एबलचा धाकटा भाऊ ईलाय, त्याची नव्हती. तो त्या सोमवारी रागाने आला नाही. त्यानंतर त्याचं नाव घरात कुणी मुद्दाम टाळलं असं नाही; ते घ्यायचं कारणच पडलं नाही. तो कुठे मेला हेही तबिथाला माहीत नव्हतं.

तेवढं तिला पुरे होतं. तिसरी हाक वाचून झाल्यावर फीबी म्हणाली, "जेबेझची रेघ नसेल तर मला चादर नको." तेव्हा तबिथा म्हणाली, "गप्प बस आणि बटाटे सोल." कारण मनात बेत शिजत होता.

बेत अगदी साधा होता. जेवण दुपारी. जेवणानंतर चादर. जेवणच संध्याकाळपर्यंत लांबवायचं.

मे महिना होता. कुंपणाला काट्याची पांढरी फुलं आली होती. ती घरात आणणं अशुभ, म्हणून डॉर्कसआत्याने आल्याआल्या दारातच सगळ्यांची झडती घेतली. डॉर्कस एबलची थोरली बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येकाच्या घरचं तीच बघत असे.

"सेथ, टोपीत काय आहे?"

"शेवाळ, आत्या."

"फूल नाही ना?"

"शेवाळाला फूल नसतं."

"मग ठेव."

सेथ थोरला मुलगा, शेजारच्याच घरात राहणारा. हातमागावर बापाच्या खालोखाल त्याचाच हात. फावल्या वेळात तो डोंगरभर फिरून शेवाळं गोळा करी, आणि त्यांची लॅटिन नावं अशी सांगे जशी दुसरी माणसं सोयऱ्यांची सांगतात. बापाच्या मागघरातल्या पश्चिमेच्या खिडकीत त्याच्या शेवाळाच्या कुंड्या मांडलेल्या होत्या, कारण तिथे ओल छान टिकते. त्यांना कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. ज्या वर्षी माणसं यंत्रमाग फोडायला खाली उतरली, त्या वर्षी तो हातोडा घेऊन निघाला होता आणि वाटेत एक दुर्मीळ नेचा दिसला म्हणून मागे राहिला. फोडणाऱ्यांतले बरेच जण तुरुंगात गेले. त्या नेच्याबद्दल सेथ फारसं बोलत नसे.

त्याची बायको मर्सी सातव्या महिन्यात होती. तिने सरळ चुलीजवळची खुर्ची गाठली.

"आई, हंडी कधी होणार?"

"होईल. विस्तव मंद आहे."

मर्सीने वाकून पाहिलं. बटाटे आणि खारवलेल्या मांसाची हंडी होती, झाकण घट्ट, आणि खाली विस्तवावर कुणीतरी फावडंभर राख पसरलेली.

"राख कुणी घातली यावर?"

"वारा," तबिथा म्हणाली.

मर्सीने सासूकडे पाहिलं, मग दाराकडे, मग दारातून खाली दिसणाऱ्या गिरणीच्या धुराड्याकडे. ती विणकरांच्या घरातली नव्हती, शेतकऱ्यांच्या घरातली होती, आणि तिला फार समजावून सांगावं लागत नसे.

"वाराच असेल," ती म्हणाली, आणि पायाने राख अजून थोडी पुढे सारली.

नियोजित नवरा सायलस कोपऱ्यात बसला होता. चांगला, धट्टाकट्टा मुलगा. टेकडीपलीकडच्या विणकराचा. त्याने आल्यापासून "नमस्कार" आणि "हो" एवढंच म्हटलं होतं, आणि त्यातलं "हो" बिअरला उद्देशून होतं.

एबल मागघरात होता. घराच्या या अंगाला तीन माग होते. दोन रिकामे, आणि एकावर फीबीची चादर. तबिथा दारातून डोकावली आणि थबकली. चादर झालेली नव्हती. हातभर पांढरं विणायचं बाकी होतं.

"एबल, हे काय? आज रेघा टाकायच्या आणि अजून पांढरंच राहिलंय?"

"राहिलं," एबल म्हणाला.

"कसं राहिलं?"

"विणलं नाही म्हणून."

सेथच्या लग्नात चादर आठ दिवस आधी तयार होती. आज तबिथाला हातभर पांढरं ही देवाची कृपा वाटली, आणि ती पुढे चौकशी न करता दोरीवर वाळत घातलेल्या ओटच्या भाकऱ्या काढायला गेली.

हंडी चढली, उतरली, परत चढली. वाढेपर्यंत उन्हं कलली होती, आणि भुकेने सगळ्यांचा चांगुलपणा संपला होता. भाकऱ्या, ताक, कोवळ्या रानपाल्याची भाजी, हंडी. तबिथा वाढताना प्रत्येकाला दोनदा विचारत होती आणि उत्तर ऐकू आलं नाही असं दाखवत होती.

"आठवतं एबल," डॉर्कसआत्या म्हणाली, "आपल्या बापाच्या वेळी विणकर म्हणजे काय रुबाब होता? टोपीत पाच-पाच पौंडांची नोट खोवून फिरायचे लोक."

"मी पाहिली नाही," एबल म्हणाला.

"मी पाहिली!"

"कुणाच्या टोपीत?"

"लोकांच्या."

"आता लोकांच्या टोपीत शेवाळ आहे," मर्सी म्हणाली.

सेथने तिच्याकडे पाहिलं. "शेवाळात मन रमतं. घंटेवर कुत्र्यासारखं धावण्यापेक्षा बरं."

"कुत्र्याला निदान वेळेवर जेवायला मिळतं," मर्सी म्हणाली, आणि भाकरी मोडली.

"कुणाबद्दल बोलताय ते सरळ बोला," फीबी म्हणाली. तिची मान ताठ झाली होती. एकोणिसाव्या वर्षी सगळ्यांचीच होते. "जेबेझबद्दल बोलताय ना? मग नाव घ्या. अजून तो मेला नाही."

"मी कुत्र्याबद्दल बोललो," सेथ म्हणाला.

तबिथाने सायलसच्या ताटात न विचारता तिसऱ्यांदा हंडी वाढली. त्याने मान डोलावली.

"खा रे बाबा, खा," डॉर्कसआत्या त्याच्याकडे कौतुकाने पाहत म्हणाली. "पुढच्या सोमवारपासून तुला तरी कुठे असं दुपारी बसून जेवायला मिळणार आहे? गिरणीत म्हणे उभ्यानेच खातात."

सायलसचा चमचा तोंडाशी थांबला. फीबीने डोळे मिटले.

डॉर्कसआत्याने सगळ्यांकडे पाहिलं. "म्हणजे सांगितलं नाही होय? मला वाटलं सांगितलं असेल. जेबेझनेच लावून दिलं ना त्याला? दोघांनाही. फीबीला दोन माग मिळणार आहेत म्हणे."

तबिथाला हे माहीत होतं. फीबीने तिला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं, आणि हे चादर कापून झाल्यावर सांगायचं असं दोघींत ठरलं होतं. आता चादर मागावर होती, हंडी मेजावर होती, आणि एबलच्या मेजाला एका वाक्यात दोन माणसं कमी झाली होती. तिने मनात हिशेब केला. जेबेझ नाही, फीबी नाही, सायलस नाही. हा डॉर्कसबरोबर जेवणार, आयुष्यभर.

"बाबा," फीबी म्हणाली, "मी सांगणारच होते."

"बटाटे," एबल म्हणाला.

"काय?"

"बटाटे सरकव इकडे."

तिने भांडं सरकवलं. त्याने एक बटाटा घेतला, तो सावकाश खाल्ला, तोंड पुसलं आणि उठून मागघरात गेला. थोड्या वेळाने मागाचा आवाज सुरू झाला, खट्-खट्, खट्-खट्, आणि लगेच थांबला.

"धागा तुटला," आतून तो म्हणाला.

मेजाशी बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एबल हेलिवेलच्या हातून धागा तुटत नसे. ही गोष्ट टेकडीवर सगळ्यांना माहीत होती. नव्या पोरांना धागा तुटला की बाप म्हणत, हेलिवेलच्या मागाखाली जाऊन झोप, काही शिकशील.

"रागाने," सेथ हळूच म्हणाला.

"रागाने कसा तुटेल? आवाज तर नेहमीचाच होता," फीबी म्हणाली.

तबिथा जाऊन उभा धागा जोडून आली. परत खट्-खट्. परत शांत.

"धागा," एबल म्हणाला.

मग एकामागून एक सगळेच मागघरात येऊन उभे राहिले, काहीही कारण नसताना, जसं आजाऱ्याच्या खाटेभोवती राहतात. ओल्या मातीच्या जमिनीवर खिडकीतून उन्हाची एक पट्टी पडली होती, सेथच्या कुंड्यांमुळे अर्धी झाकलेली. एबल फळीवर बसून विणत होता. दहा-बारा धागे नीट टाके, मग कुठेतरी पुढे वाके, धागा ठोकून बसवणाऱ्या फणीजवळ कापडावरून हात फिरवी, मागे येई, पुन्हा फणी ठोके, आणि धागा गेलेला असे. तबिथा वाकून टोकं शोधी, फणीतून ओवून घेई, गाठ मारी.

"सुताला खळ वाईट लागली असेल," सेथ म्हणाला. "ओल नाही हवेत."

"ओल आहे," एबल म्हणाला. "शेवाळाला विचार."

डॉर्कसआत्या कंबरेवर हात ठेवून बघत होती. तिचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला, आणि ते बघणं तबिथाला तिच्या बोलण्यापेक्षा वाईट वाटलं. शेवटी आत्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"एबल, तुझे हात गेले रे."

फीबी रडायच्या बेतात आली. सेथ खिडकीतल्या कुंड्यांकडे बघू लागला. सायलससुद्धा जमिनीकडे बघत होता. एबलने स्वतःचे दोन्ही हात समोर धरले, उलटसुलट पाहिले.

"गेले असतील," तो म्हणाला, आणि पुन्हा धोटा मारला.

तबिथा खाली वाकली. तुटलेल्या धाग्याचं टोक तिने चिमटीत धरलं, उजेडात धरलं आणि तशीच थांबली.

सूत तुटतं तेव्हा ताणून तुटतं. त्याचं टोक पिंजारलेलं असतं, उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं. हे टोक तसं नव्हतं. स्वच्छ होतं. नखाने खुडल्यासारखं. तिने आधीचं टोक जमिनीवरून उचलून पाहिलं. तेही तसंच. तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. तो समोर, कापडाकडे पाहत होता. त्याचा डावा अंगठा फणीच्या मागे, धाग्यांमध्ये, अगदी निर्दोषपणे विसावला होता. त्याच्या नखाच्या कडेला पांढऱ्या सुताचा तंतू चिकटला होता.

हातभर पांढरं का राहिलं होतं, ते तिला तेव्हा कळलं.

तिने टोक घेतलं, ओवायला लागली, आणि ते सुटलं. परत घेतलं, परत सुटलं. तबिथाची विणकरी गाठ डोळ्याचं पातं लवायच्या आत बसे, माहेरी तिच्या गाठीवर पैजा लागत. आता तिने तीच गाठ अशी मारली जशी सहा वर्षांची पोर मारते, जीभ बाहेर काढून.

"अगं, तुझीही बोटं गेली की काय?" डॉर्कसआत्या म्हणाली.

"वय झालं," तबिथा म्हणाली.

एबल खोकला. तो खोकला होता का, हे तिला नंतरही ठरवता आलं नाही.

असं ते दोघं विणत राहिले. तो खुडी, ती जोडी. पांढरं एकदाचं संपलं तेव्हा उन्हाची पट्टी जमिनीवरून सरकत भिंतीला लागली होती. निळी कांडी भरली. डॉर्कसआत्या बसली, तिने रेघ टाकली आणि उठताना गुडघ्यांना नावं ठेवली. तबिथाने टाकली. सेथने टाकली; त्याची रेघ बापासारखीच, सरळ, कुठे खोट काढावी अशी जागा नाही. मर्सीला पोटामुळे फळीवर बसताच येईना, तिने बाजूने वाकून धोट्याची दोरी ओढली.

"माझी आणि याची मिळून एक," ती पोटावर हात ठेवून म्हणाली.

मग कुणी पुढे आलं नाही. जेबेझची पाळी होती.

सेथने बाहेर पाहिलं. "ऊन जातंय. त्याची सोडा आणि फीबीला बसू द्या."

"मी बसणार नाही," फीबी म्हणाली.

"फीबी, मेणबत्तीवर कापायची चादर?"

"नका कापू. मी गोणपाट पांघरीन. सायलस, तू पांघरशील ना गोणपाट?"

"हो," सायलस म्हणाला. दिवसभरात त्याने मनापासून म्हटलेलं हे दुसरं "हो".

"बाबा, तुम्ही सांगा हिला," सेथ म्हणाला. "रेघ टाकायची असती तर आला असता. ज्याला सोमवार नको, त्याला सोमवारची चादर कशाला?"

एबल फळीवर जाऊन बसला. "एक धागा ढिला दिसतोय," तो म्हणाला, हात पुढे केला, आणि म्हणाला, "तुटला."

"अरे देवा," डॉर्कसआत्या म्हणाली.

तबिथा गाठ मारायला वाकली, तेव्हाच खालून घंटा ऐकू आली. गिरणी सुटली होती. ती घंटा सगळ्यांनी ऐकली आणि प्रत्येकाने ऐकली नाही असं दाखवलं. मर्सीने हवापाण्याबद्दल काहीतरी सुरू केलं. तबिथाच्या हातातली गाठ खरोखरच सुटली. आता तिला नाटक करावं लागत नव्हतं. खालून वर येणारी वाट उभी होती, दगडांची, आणि पट्टी भिंतीवर चढत बारीक होत चालली होती, सेथच्या कुंड्यांच्या सावल्या तिला खालून खात होत्या.

सेथ दाराशी जाऊन उभा राहिला, पाठ सगळ्यांकडे.

"लाकडी बूट वाजतायत," तो शेवटी म्हणाला.

तो उंबऱ्यातून आणखी पुढे वाकला.

"धावतोय. या चढावर धावतोय. मूर्ख आहे. छाती फुटेल."

मग तो वळला, खिडकीपाशी गेला, आणि आपल्या शेवाळाच्या कुंड्या एकेक करून उचलून खाली, रिकाम्या मागावर ठेवू लागला. सगळ्या. शेवटची काढली तेव्हा पश्चिमेचं उरलंसुरलं ऊन आडवं आत आलं आणि थेट चादरीवर पडलं.

जेबेझ मागघराच्या दारात थांबला. केसांत, भुवयांत, दाढीच्या खुंटांत पांढरा कापूस. शर्ट पाठीला चिकटलेला. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. बापाचं वाक्य मेजाबद्दल होतं. मागघराबद्दल काय ते कधी स्पष्ट झालं नव्हतं. तो धापा टाकत बापाकडे बघत राहिला.

एबलने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो फळीवर थोडा बाजूला सरकला.

जेबेझ आत आला आणि बापाशेजारी बसला. फळी एका माणसाची होती. दोघांचे खांदे घासत होते. जेबेझने धोट्याच्या दोरीचा खटका हातात घेतला, दोन वर्षांनी, आणि धोटा मारला. धोटा सरळ, स्वच्छ गेला. मग त्याने फणी ओढली आणि ठोकली. मागाच्या चौकटीपासून खिडकीच्या काचेपर्यंत सगळं हादरलं.

एबलने वाकून रेघेवर बोट फिरवलं.

"घट्ट झाली."

"तिकडे असंच बसतं, बाबा. सवय लागली."

"बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते."

"सोडवून परत टाकू?"

एबलने बोट रेघेवरच ठेवलं. "राहू दे," तो म्हणाला. "धुतल्यावर बसेल."

फीबीने टाकली, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, रेघ वाकडी झाली. शेवटी एबलने टाकली. त्या वेळी काही तुटलं नाही. मग त्याने कात्री घेतली आणि ऊन असताना कापड कापलं. थोडंसंच ऊन होतं, पण होतं. डॉर्कसआत्याने खिडकीत जाऊन खात्री करून घेतली.

चादर फीबीच्या हातात गेली, बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. तबिथाने जमिनीवर बसून मागाखाली पडलेली सुताची टोकं हाताने गोळा केली आणि एप्रनमध्ये टाकली. सगळी, एकही न ठेवता. डॉर्कसची नजर अजून चांगली होती.

"काय वेचतेस?" एबलने विचारलं.

"कचरा."

"झाडू असतो त्याला."

"हाताने बरं निघतं," तबिथा म्हणाली, आणि उठून ती टोकं विस्तवात टाकून आली.

आता जेवणाचा प्रश्न उरला. जेबेझ सकाळपासून उपाशी होता. सगळे मेजाशी गेले आणि खुर्च्यांच्या मागे उभे राहिले. बसलं कुणीच नाही. जेबेझ सवयीने मागच्या पायरीकडे निघाला. तबिथाने त्याची बाही धरली.

एबल आत आला. त्याने स्वतःचं ताट उचललं, त्यात हंडीतलं थोडं वाढून घेतलं, भाकरी घेतली आणि परत मागघरात गेला. दार उघडंच ठेवलं. तो मागाच्या फळीवर बसला आणि मांडीवर ताट ठेवून जेवू लागला. मेज तिथून स्पष्ट दिसत होतं.

"एबल, तिथे का बसलास?" डॉर्कसआत्या ओरडली.

"इथे उजेड बरा आहे."

उजेड गेला होता. तबिथाने खुर्ची ओढली आणि जेबेझच्या खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं. मग बाकीचेही बसले. सायलसपुढे ताट आलं आणि त्याने विनातक्रार पुन्हा जेवायला घेतलं. सेथने पाण्याचा तांब्या भावाकडे सरकवला, त्याच्याकडे न पाहता.

"त्या चढावर कुणी धावतं का?" तो म्हणाला.

"नेचा दिसला असता तर थांबलो असतो," जेबेझ म्हणाला.

सेथचा चेहरा लाल झाला. मग मर्सी हसली आणि त्यालाही हसावं लागलं.

मग मागघरातून एबल म्हणाला, "मर्सी, तुझं कधी?"

"ऑगस्टमध्ये, बाबा."

"बारसं रविवारी ठेवा."

चमचे थांबले. डॉर्कसआत्या खुर्चीतून अर्धी उठली. "रविवारी? हेलिवेलांच्या घरचं बारसं रविवारी? सोमवारला काय झालं?"

एबलने ताटातला शेवटचा बटाटा भाकरीने पुसून घेतला.

"सोमवारी मला काम असतं," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून, आजचा सोडला तर, त्याने सोमवारी कधी काडी उचललेली तबिथाने पाहिली नव्हती. ती हंडी घेऊन उठली, मागघरात गेली, आणि त्याला अजून बटाटे वाढले.